बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता

(शास्त्रपाठ : २ शमुवेल १९ : ३१–३९)

दावीद राजा आपल्या पुत्राच्या बंडामुळे यरुशलेम सोडून पळाला व यार्देनेपलीकडे महनाइम येथे जाऊन राहिला, तेव्हा त्याच्या साहाय्यास जे थोडे लोक आले त्यांत गिलाद प्रांतातील बर्जिल्लय नावाचा एक वृद्ध गृहस्थ होता. त्याने राजाच्या थकल्याभागल्या माणसांसाठी अंथरुणे, भांडी, धान्य, मध, लोणी, मेंढरे असे पुष्कळ साहित्य आणून दिले. पुढे बंड मोडले व राजा परत निघाला, तेव्हा हा म्हातारा त्याला पोचवावयास नदीपर्यंत आला. आपल्याबरोबर राजधानीस चलावे, तेथे आपण तुझा सांभाळ करू, असा राजाने त्याला आग्रह केला. परंतु त्याने ते मानले नाही. आपले वय ऐंशी झाले; आता आपल्याला बऱ्यावाइटाची पारख राहिली नाही, खाण्यापिण्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज कानी पडत नाही; मग धन्यास आपला भार का व्हावा, असे त्याचे म्हणणे पडले. आपल्या जागी किम्हामाला न्यावे अशी विनंती करून तो आपल्या गावी परतला.

ह्या वृत्तांतात एक मौज आहे ती पाहा. पारख राहिली नाही असे म्हणणाऱ्या ह्या वृद्धाने किती पारखून निर्णय केला! राजवाड्यातील पंगत आपल्या उपयोगाची नव्हे, तरुणाच्या उपयोगाची आहे, हे त्याने ओळखले. आपल्या आईबापांच्या कबरेजवळ मरण यावे ही इच्छा त्याने राजासमोर स्पष्ट बोलून दाखविली. त्याची जीभ मंद झाली होती व कानही गेले होते, परंतु बुद्धी जागच्या जागी होती. माणूस ऐंशी वर्षांचा झाला म्हणजे त्याची बुद्धी जावयाचीच, असे पवित्र शास्त्र कोठेही शिकवीत नाही.

हे आम्ही मुद्दाम लिहीत आहो. आमच्या खेड्यांतून, आणि आमच्या ख्रिस्ती घरांतूनही, "साठी बुद्धी नाठी" ही म्हण एखाद्या शास्त्रवचनाप्रमाणे उच्चारली जाते. म्हातारा वाट चुकला, म्हातारीने जेवण होऊन गेल्यावर पुन्हा ताट मागितले, की घरातील माणसे ही म्हण म्हणून हसतात व आपापल्या कामास लागतात. डॉक्टरकडे कोणी नेत नाही, कारण म्हातारपणावर औषध काय असणार! ह्या एका समजुतीने जितकी वडील माणसे उपेक्षेत गेली असतील तितकी दारिद्र्यानेही गेली नसतील असे आम्हांस वाटते.

ही म्हण खरी आहे काय? आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसांची पाहणी करून जाणत्या लोकांनी २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे अशा शंभर माणसांत सुमारे ७.४ जणांस स्मृतिभ्रंश हा विकार आहे. म्हणजे शंभरांतील ब्याण्णवांहून अधिक जणांस तो नाही. उलटपक्षी ही संख्या लहानही समजू नये. सर्व देशात मिळून ती सुमारे ८८ लाख भरते. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे व शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण अधिक आढळले. हा आजार श्रीमंतांचा किंवा शहरवासीयांचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये.

हा विकार म्हणजे साधा विसर नव्हे. विळा कोठे ठेवला हे विसरणे, पाव्हण्याचे नाव ऐन वेळी न आठवणे, भाजीत मीठ टाकावयाचे राहून जाणे, हे तरुणांसही होते व वयाबरोबर थोडे वाढते. परंतु जिने चाळीस वर्षे भाकरी थापली तिला परातीपुढे बसल्यावर आता काय करावयाचे हे सुचेनासे होणे. ज्याने जन्मभर ज्या शेताची वाट तुडविली त्याला तेथून घराकडे येण्याचा रस्ता न सापडणे. एकच प्रश्न घटकाभरात दहा वेळा विचारणे. बाजारात पैशांचा हिशेब न जुळणे. शांत स्वभावाच्या माणसाने एकाएकी संशयी व्हावे, ही लक्षणे निराळी आहेत. ती दिसल्यास मेंदूस काही आजार झाला आहे असे समजावे. आलोईस अल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरने १९०६ साली अशाच एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली काय आढळले ते विद्वानांच्या सभेत सांगितले. त्यावरूनच ह्या विकाराच्या सर्वांत सामान्य प्रकारास त्याचे नाव पडले. ती स्त्री पंचावन्नाव्या वर्षी वारली होती. तिला साठी लागलीच नव्हती.

दुसरा मोठा प्रकार रक्तवाहिन्यांचा. मेंदूस रक्त नेणाऱ्या बारीक शिरा खराब होतात, लहान लहान झटके येऊन जातात, त्यांतील काही कोणास कळतही नाहीत, आणि बुद्धी पायरीपायरीने खाली उतरते. आणखी एक गोष्ट तर प्रत्येक घरी ठाऊक असावयास हवी. कित्येकदा विसर पडण्याचे कारण हा विकार नसतोच. शरीरात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी पडणे, गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावणे, मन अतिशय खिन्न होणे, पडल्यामुळे डोक्यात रक्त साकळणे, ह्यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. आणि ही कारणे वेळीच ओळखली तर त्यांवर उपचार होतो. "म्हातारचळ आहे" असे म्हणून जिला कोपऱ्यात बसविले, ती चार इंजेक्शनांनी सुधारण्यासारखी असेल तर तिचा अपराध कोणाच्या माथी येईल?

अज्ञानाची फळे आणखी कडू आहेत. सासू जेवलेले विसरते व शेजारणीस सांगते की सून मला उपाशी ठेवते. शेजारीण ते पाणवठ्यावर सांगते. आणि दिवसरात्र सेवा करणारी सून गावात तोंड दाखविण्यास लाजते. कोठे म्हातारीवर करणी झाली म्हणून देवऋष्याकडे नेतात, धुरी देतात, मारतात. रात्री उठून बाहेर जातो म्हणून म्हाताऱ्यास खाटेस बांधून ठेवतात. आणि कोठे ह्याहूनही वाईट चालते, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या बापास आज कोणता वार आहे हे समजत नाही त्याचा अंगठा कागदावर उमटवून घेऊन सातबाऱ्यावरील नाव बदलण्याची खटपट होते. १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणे ज्यास व्यवहार समजत नाही त्याने केलेला करार हा करारच नव्हे. परंतु कायद्याचे असो. पाचवी आज्ञा ज्यांना शब्बाथशाळेत पाठ झाली आहे त्यांना इतके तरी कळले पाहिजे की, आईबापांचा मान राखण्याची ती आज्ञा, आईबाप शहाणे असतील तोपर्यंतच पाळावी, अशी अट घालून दिलेली नाही. आंधळ्या इसहाकाच्या हाताखाली बकऱ्याचे कातडे देऊन आशीर्वाद मिळविणाऱ्या याकोबास पुढे वीस वर्षे लाबानाच्या घरी काय भोगावे लागले हे वाचक जाणतात.

आता कोणी विचारील की हा आजार कोणत्या पापामुळे होतो? जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न प्रभूला विचारला होता, व त्याने तो प्रश्नच बाजूस सारला. आम्ही पुढे जे प्रतिबंधाचे उपाय सांगणार आहो ते वाचून कोणी रोगी माणसाच्या दारी जाऊन, तू असे वागला असतास तर बरे झाले असते, असे म्हणू नये. ईयोबाचे मित्र असेच बोलत होते. सर्व नियम पाळूनही हा विकार होतो, आणि कोणतेही नियम न पाळणारा नव्वदीपर्यंत शहाणा राहतो, असेही दिसते. तथापि ज्याचा सर्वस्वी उपाय नाही त्याचा काही अंशी उपाय असेल, तर तो सोडून देणे ही श्रद्धा नव्हे.

आणि काही अंशी उपाय आहे. २०२४ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांच्या एका मंडळाने सर्व शोध पडताळून असा निर्णय दिला की, टाळता येण्याजोगी चौदा कारणे जगातून काढून टाकता आली, तर शंभरांतील सुमारे पंचेचाळीस जणांचा स्मृतिभ्रंश टळेल अथवा लांबणीवर पडेल. ती चौदाही येथे मांडीत नाही. ज्यांचा आमच्या खेड्यांशी अधिक संबंध आहे तीच घेतो.

पहिले रक्तदाबाचे. रक्तदाब वाढला तरी दुखत नाही, ताप येत नाही. म्हणून आमचा शेतकरी म्हणतो, मला काही होत नाही मग गोळी कशाला? आणि ज्याने घेतली तो महिनाभराने बरे वाटते म्हणून सोडतो. परंतु हा दाब पन्नाशीत शिरा पोखरतो व त्याचा परिणाम सत्तरीत दिसतो. ह्याविषयी चीन देशातील खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला, तो आमच्या वाचकांनी अवश्य समजून घ्यावा, कारण तो विलायतेतील इस्पितळात नव्हे तर आमच्यासारख्याच शेतकरी वस्तीत झाला. ३२६ खेड्यांतील, चाळीस वर्षांवरील व रक्तदाब आटोक्यात नसलेली सुमारे ३४ हजार माणसे घेतली. निम्म्या खेड्यांत नेहमीप्रमाणे चालू दिले. उरलेल्या खेड्यांत गावच्याच आरोग्यसेवकांस शिकवून तयार केले. त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध सुरू केले, दाब उतरेपर्यंत ते वाढविले, घरी दाब मोजावयास शिकविले, मीठ व दारू कमी करण्यास सांगितले. चार वर्षांनी पाहता ह्या खेड्यांत स्मृतिभ्रंश झालेल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा शेकडा १५ ने कमी भरले. हा निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. तेथे कोणतेही नवे किंवा अद्भुत औषध नव्हते. जुन्याच गोळ्या होत्या व त्या रोज घेतल्या गेल्या, इतकेच.

आपल्याकडे आशाताई व उपकेंद्रातील परिचारिका तिशीपुढील माणसांचा रक्तदाब व साखर तपासतात. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वर वारंवार जात असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस भेटावे, व दिलेली गोळी त्यांच्या सांगण्यावाचून बंद करू नये. मधुमेहाचेही असेच आहे. विडी व दारू ह्यांविषयी ह्या पत्रातून पुष्कळ लिहून झाले आहे. ती दोन्हीही त्या चौदांत आहेत, एवढे सांगून पुढे जातो. चुलीचा धूर व मोटारसायकलवरून डोके आपटणे ह्यांचीही गणना त्यांत आहे. मुलाने हेल्मेट न घालता तालुक्यास जाणे हे त्याच्या म्हातारपणाशी संबंध ठेवणारे आहे असे कोणास वाटले असते काय?

कानांविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. बर्जिल्लयाने गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही असे सांगितले, व आमच्या मंडळ्यांतूनही मागच्या बाकावर बसलेले कितीतरी बर्जिल्लय उपदेशाचा एकही शब्द न ऐकता रविवारी घरी जातात. बहिरेपणास आपण थट्टेचा विषय केला आहे. ऐकू कमी येऊ लागले म्हणजे प्रथम घरची माणसे त्या माणसाशी बोलणे कमी करतात, मग तो स्वतः चारचौघांत बसणे सोडतो, आणि मेंदूस विचार करावयास लावणारी संभाषणे हळूहळू बंद पडतात. तज्ज्ञांनी दिलेल्या कारणांत बहिरेपण हे अगदी वरच्या जागी आहे. कधी कानात नुसता मळ दाटलेला असतो. तो डॉक्टरकडून काढवावा, काडीने नव्हे. कधी श्रवणयंत्र लागते. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांस अशी यंत्रे व चष्मे देण्यासाठी सरकारने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना काढली. तिची शिबिरे जिल्ह्यात केव्हा भरतात ह्याची चौकशी पंचांनी करावी. मोतीबिंदूही पिकावयाची वाट पाहत राहू नये, कारण नजर जाणे हेही त्या चौदांत आता धरले आहे.

मग एकटेपण. गावाच्या टोकाच्या घरात राहणाऱ्या विधवेचा मुलगा पुण्यास असतो, तो पैसे पाठवितो, फोन करतो. परंतु दिवसभर तिच्याशी बोलावयास कोंबड्यांवाचून कोणी नसते. बुधवारची प्रार्थनासभा तिच्या ओट्यावर भरविण्यास काय खर्च आहे? घरात राहणाऱ्यांसही एक सांगणे आहे. "आई, तू आता बसून राहा" असे प्रेमाने म्हणून तिच्या हातचे प्रत्येक काम काढून घेऊ नका. बी निवडणे, दुधाचा हिशेब ठेवणे, नातवंडांस गोष्टी सांगणे, मंदिरापर्यंत पायी जाणे, हीच तिच्या बुद्धीची व शरीराची तालीम होय.

लहानपणी शाळा न मिळणे हेही एक कारण तज्ज्ञांनी सांगितले आहे. आज सातवीतून काढून लग्नास उभ्या केलेल्या मुलीचे नुकसान साठ वर्षांनी मोजले जाईल. तिच्या बापाने एवढा लांबचा हिशेब करावा अशी आमची विनंती आहे.

स्मरणशक्ती वाढविणाऱ्या बाटल्या बाजारात विकावयास येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे की, हा विकार टाळण्यासाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेण्याची शिफारस करता येत नाही. तपासणीत एखादे जीवनसत्त्व कमी आढळले तर ते घेणे निराळे. बाकी त्या बाटलीच्या पैशांत घरी भाजी, डाळ व शेंगदाणे येतील.

परंतु हे सर्व आमच्या वडील माणसांस कळावे कसे? प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याची गोष्ट आहे. तो राणीच्या खजिन्यावरचा शिकलेला मनुष्य. अक्षरे त्याला येत होती. तरी फिलिप्पाने वाचलेले समजते काय असे विचारताच, कोणी उलगडून सांगितल्यावाचून कसे समजणार, असे त्याने कबूल केले. मग ज्या आजीस अक्षरच येत नाही तिच्या हाती तीन रंगांच्या गोळ्या व एक चिठ्ठी देऊन परत पाठविले, तर ती काय करील? दोन दिवस बरोबर घेईल, मग पांढरी व पिवळी ह्यांत घोटाळा होईल, मग लाजून सर्वच बंद करील. येथे फिलिप्पासारखा रथात चढून शेजारी बसणारा कोणीतरी हवा.

असे माणूस खेड्यात तयार होत नाही असे कोणी म्हणू नये. आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड येथे, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली काम आरंभिले. त्यांनी गावोगावच्या स्त्रिया निवडल्या, त्यांत कित्येकींस लिहितावाचता येत नव्हते, कित्येक त्या वेळी अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या. त्यांस तोंडी शिकवून गावाच्या आरोग्याची राखण करणाऱ्या बनविले. ह्या कामाबद्दल त्या उभयतांस १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्या स्त्रीस सही करता येत नव्हती ती गरोदर बाईची तपासणी करू लागली व गावास पाणी उकळावयास शिकवू लागली, तर आमच्या मंडळीतील दहावी झालेली मुलगी आजीबाईंची चिठ्ठी वाचू शकणार नाही काय?

आमची सूचना अशी आहे. प्रत्येक मंडळीने आपल्यांतील एक किंवा दोन तरुण माणसे ह्या कामास नेमावी. त्यांनी आठवड्यातून एकदा वृद्धांच्या घरी जाऊन चिठ्ठी वाचावी, सकाळच्या गोळ्या एका डबीत व रात्रीच्या दुसरीत घालून द्याव्या, आणि आजीने आजोबांस ते सर्व आपल्या शब्दांत परत सांगावे असे करावे. तिला परत सांगता आले म्हणजे समजले असे धरावे, नुसत्या मानेने होकार दिला म्हणजे नव्हे. डॉक्टरकडे जाताना बरोबर जावे, व हे औषध कशासाठी, किती दिवस, आणि चुकले तर काय करावे, हे विचारून यावे. डॉक्टर घाईत असतात व कधी रागावतात, तरी विचारावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर आशाताईंस बोलावून सर्वांचा रक्तदाब मोजावा, त्यांत पाळकांनी आपला हात प्रथम पुढे करावा.

ज्या घरी हा विकार आलाच आहे तेथे काय? चुकीच्या बोलण्यावर वाद घालून काही लाभ नाही. मेलेल्या बहिणीची वाट पाहणाऱ्या म्हातारीस ती मेली असे रोज सांगणे म्हणजे रोज नवे दुःख देणे होय. तिला बहिणीच्या गोष्टी विचाराव्या. दाराची कडी उंच लावावी, विहिरीवर झाकण घालावे, चुलीजवळ एकटे सोडू नये, आणि खिशात नाव व गाव लिहिलेला कागद असावा. ह्या घरांतून आम्हांस एक प्रश्न ऐकू येतो, तो फार मनास लागतो : आई आता प्रभूचे नावही विसरली, तिचे कसे होईल? आईच्या मायेलाही कधी विसर पडू शकतो हे देव जाणतो, आणि त्याची आठवण तिच्याहून टिकणारी आहे असे तो यशयाच्या मुखाने कळवितो. तिने देवास धरून ठेवले होते म्हणून ती त्याची होती असे नव्हते. त्याने तिला धरिले होते.

अशा माणसास प्रभुभोजनापासून वगळावे काय, ह्याविषयी काही मंडळ्यांत कुजबूज होते. विश्वासाचा अंगीकार पाठ म्हणता येत नाही म्हणून जिने पन्नास वर्षे त्या मेजावर भाकर मोडली तिला दूर ठेवावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. तिला मंदिरात आणणे कठीण असेल तर पाळकांनी घरी जावे. तेथे लांब उपदेश करू नये. तिने लहानपणी म्हटलेले एखादे जुने गीत उपासनासंगीतातून काढून हळू सुरात म्हणावे. नावे विसरलेली माणसे गीताच्या ओळी बरोबर म्हणतात असे पुष्कळदा दिसून येते. मग भाकर तिच्या हाती ठेवून थांबावे, घाई करू नये. ती तोंडाकडे नेण्यास विसरली तर सुनेने हाताला आधार द्यावा. आणि त्याच वेळी त्या सुनेलाही भाकर द्यावी, कारण सासूला सोडून येता येत नाही म्हणून तीही कित्येक महिने मंदिरात आलेली नसते.